छोट्या कॉलेजने ऑनलाइन कोर्स काढायचा तर सुरुवात कुठून? (खान्देशातले अनुभव हवेत)

पांझराकाठ
९ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजात कॉमर्स शिकवतो. कॉलेजचं नाव राहू द्या, इथले निम्मे लोक तसंही ओळखतील. मागच्या आठवड्यात संस्थेच्या मीटिंगमध्ये ठरलं की 'आपणही ऑनलाइन व्हायचं'. ठरलं म्हणजे काय, तर अध्यक्षांचे मेहुणे सुरतेला असतात, त्यांनी तिकडे कुठल्याशा कॉलेजात स्टुडिओ पाहिला. तीन लाख मंजूर झाले. कोटेशनही आलंय: कॅमेरा, हिरवा पडदा, दोन लाइट आणि 'डिजिटल पोडियम' नावाची वस्तू. जबाबदारी माझ्यावर, कारण स्टाफरूमच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो मीच काढतो.

आता खरी गोष्ट. आमची पोरं ऑगस्टमध्ये वर्गात असतात. दिवाळीनंतर पाऊण वर्ग गायब. कोणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत, कोणी सुरतेला कामाला, काही पोरी गावची एसटी बंद झाली म्हणून घरी. परीक्षेला बरोबर उगवतात. ऑनलाइन काही करायचंच असेल तर ते यांच्यासाठी करावं, असं मला वाटतं. पण हिरव्या पडद्याने हे कसं साधणार ते कळत नाही. ज्यांनी केलंय, करून फसलेत, त्यांनी लिहावं. फसलेल्यांनी आधी लिहिलं तर बरं.


यावलकर_नाना
९ जून, रात्री १०:३१

फसलेल्यांपैकी मी पहिला. आमच्या कॉलेजात स्टुडिओ आहे. उद्घाटनाचा फोटो पेपरात आला होता. सध्या आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत आणि हिरवा पडदा गॅदरिंगच्या नाटकात जंगल म्हणून लागतो.


भरीतपार्टी
९ जून, रात्री १०:३३

रुमाल टाकून ठेवतोय. नाना, नाटक कसं झालं ते सांगा.


नियमबुवा
९ जून, रात्री ११:०५

पांझराकाठ सर, आधी शब्द नीट वापरू, कारण संस्थाचालक 'ऑनलाइन कोर्स' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पदवी असते.

ऑनलाइन पदवी तुमच्या कॉलेजला देता येणार नाही, हे अध्यक्षांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२० चे विनियम आहेत. त्यात नॅकचे (दर्जा तपासून गुण देणारी परिषद) किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफमध्ये (सरकारी क्रमवारी) वरच्या शंभरात स्थान, अशा अटी घातल्यात. संलग्न महाविद्यालयाने स्वतःच्या जिवावर पदवी चालवायची त्यात सोयच नाही. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी तर ऑनलाइन कोणालाच नाही.

मग उरतं काय? एक, 'स्वयम', म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ. २०१७ पासून सुरू आहे. २०२१ च्या विनियमांप्रमाणे एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थी स्वयमवरून करू शकतो, मात्र विद्यापीठाने ते मान्य करायला हवेत. दुसरं, तुमचा स्वतःचा सर्टिफिकेट किंवा व्हॅल्यू अ‍ॅडेड (ठरलेल्या अभ्यासक्रमाबाहेरचा, जोडीचा) कोर्स, किमान ३० तासांचा. हा कॉलेज काढू शकतं आणि नॅकच्या अहवालातही दाखवू शकतं. तिसरं, वर्गातल्याच विषयाला ऑनलाइन जोड. याला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे हे कोणी करतही नाही.


पांझराकाठ
९ जून, रात्री ११:२०

बुवा, धन्यवाद. अध्यक्षांना सांगायचं काम माझ्याऐवजी तुम्ही केलंत तर चहा माझ्याकडून.


पुण्यातला_भुसावळकर
१० जून, सकाळी ८:४६

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तांत्रिक बाजू सांगतो. एलएमएस (कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) विकत घेऊ नका. मूडल वापरा. २००२ पासून आहे, फुकट आहे, मोठमोठी विद्यापीठं वापरतात. साध्या सर्व्हरवर चालतं. प्रश्नपेढी, असाइनमेंट, हजेरी, चर्चा सगळं आत आहे. मोबाइल अ‍ॅपमध्ये कोर्स डाउनलोड करून नेटशिवाय वाचता येतो. मी शनिवार-रविवार बसून लावून देईन, पैसे नकोत. फक्त केळीचे वेफर्स पाठवा.


यावलकर_नाना
१० जून, सकाळी ९:१०

भुसावळकर, मन मोठं आहे तुमचं. पण आमचीही गोष्ट ऐका. लॉकडाऊननंतर एका कंपनीकडून (नाव घेत नाही) एलएमएस घेतलं. लावून देणारा पोरगा हुशार होता, वर्षभराने दुसरीकडे लागला. डोमेनचं नूतनीकरण कोणी करायचं यावर ऑफिस आणि कॉम्प्युटर विभागात पत्रव्यवहार सुरू राहिला. तो संपायच्या आत डोमेन गेलं. नॅकची टीम आली, प्राचार्यांनी मोठ्या स्क्रीनवर आमच्याच वेबसाइटवरून लिंक उघडली आणि समोर ऑनलाइन रमी. पीअर टीमचे अध्यक्ष म्हणाले, "हा व्हॅल्यू अ‍ॅडेड कोर्स कितव्या सत्राला आहे?"

तुम्ही लावून द्याल हो. पण तुमचं लग्न झाल्यावर, परदेशी गेल्यावर कोण बघणार?


पुण्यातला_भुसावळकर
१० जून, सकाळी ९:१५

लग्न झालंय नाना. मुद्दा मान्य.


भरीतपार्टी
१० जून, सकाळी ९:१७

रमीतही क्रेडिट असतात, नाना. हरलं की जातात.


तासिकावाला
१० जून, दुपारी २:५२

वरचं सगळं वाचलं. एक प्रश्न कोणीच विचारला नाही: शिकवणार कोण, रेकॉर्ड कोण करणार?

मी सीएचबीवर आहे, म्हणजे तासाच्या हिशेबाने पगार. नऊ वर्षं झाली. दरवर्षी नवी ऑर्डर, दरवर्षी मुलाखत, उन्हाळ्यात पगार नाही. असल्या कामाला स्टाफमधला तरुण माणूस शोधतात आणि तो बहुतेक वेळा सीएचबीवालाच निघतो. मागच्या कॉलेजात (जिल्हासुद्धा सांगत नाही) माझ्याकडून राज्यशास्त्राचे बावीस व्हिडिओ करून घेतले. तासिकेचे पैसे नाहीत, कारण 'वर्ग झाला नाही'. पुढच्या वर्षी वर्कलोड कमी झालं म्हणून मला घेतलं नाही. व्हिडिओ अजून आहेत यूट्यूबवर. सुरुवातीला पाच सेकंद संस्थेचं बोधचिन्ह फिरतं आणि प्राचार्यांचं नाव येतं. माझं नाव कुठेच नाही, चेहरा मात्र आहे. पोरं रस्त्यात ओळखतात, म्हणतात "सर, तुमचा व्हिडिओ पाहिला". मी म्हणतो, बरं झालं.

कायम प्राध्यापकाला अशा कामाचा फायदा होतो. चार क्रेडिटचा पूर्ण मूक (MOOC, सगळ्यांना खुला ऑनलाइन) कोर्स चारही भागांत, म्हणजे व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन असा केला तर यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत बढतीसाठी धरले जाणारे २० गुण आहेत. आम्हाला गुण नकोत. रेकॉर्डिंगच्या तासाला तासिका धरा आणि फाइलवर नाव टाका. पांझराकाठ सर, तुम्ही चांगले दिसता म्हणून सांगतो: तुमच्या कॉलेजातल्या सीएचबीवाल्याला हे काम 'जरा बघ ना' म्हणून देऊ नका.


यावलकर_नाना
१० जून, दुपारी ३:२०

तासिकावाले, मी रिटायर झालोय म्हणून कबूल करतो. 'जरा बघ ना' मी अनेकांना म्हटलंय.


एज्यु_ग्रोथ
१० जून, दुपारी ४:०१

डिअर सर, आमच्याकडे एआय आधारित संपूर्ण डिजिटल कॅम्पस सोल्युशन उपलब्ध आहे. मोफत डेमोसाठी संपर्क करा!!


भरीतपार्टी
१० जून, दुपारी ४:०२

संपादक मंडळ, झाडू आणा.


अक्राणी
१० जून, रात्री ९:३८

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा. घरी पावरी (आमची आदिवासी बोली) बोलतो. बी.ए. केलं शहाद्याकडे होस्टेलला राहून, आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. लॉकडाऊनला दुसऱ्या वर्षाला होतो, त्यामुळे ऑनलाइन शिक्षण मी घेतलंय, दिलेलं नाही.

आमच्या पाड्यापासून वर एक टेकडी आहे. महूच्या झाडाखाली उभं राहिलं की नेटच्या दोन कांड्या यायच्या, बसलं की जायच्या. उभ्याने तासभर लेक्चर कोण ऐकणार? आम्ही सात जण आळीपाळीने उभे राहायचो. ज्याची पाळी तो फोन धरायचा, बाकीचे खाली बसून लिहायचे. सरांचा चेहरा कधी दिसला नाही, चित्र आधीच अडकायचं. आवाज यायचा. आवाजावर पास झालो.

एक सर होते इतिहासाचे. त्यांनी चौथ्या दिवशी व्हिडिओ बंद केला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आठ-दहा मिनिटांचे आवाज पाठवायला लागले. सकाळी एकाने टेकडीवर जाऊन उतरवून आणायचे, खाली येऊन सगळ्यांना ब्लूटूथने द्यायचे. बकऱ्या चारताना ऐकायचो. दोनदा, तीनदा. त्या विषयात सगळ्यात चांगले मार्क मिळाले.

ऊसतोडीच्या फडावर फोन असतो, चार्जिंग नसतं. ट्रॅक्टरवर किंवा मुकादमाकडे चार्ज होतं. व्हिडिओ पाहिला तर बॅटरी दुपारपर्यंत जाते. म्हणून हिरवा पडदा नको सर. आवाज द्या आणि कागद द्या.


पुण्यातला_भुसावळकर
१० जून, रात्री १०:०४

अक्राणी भाऊंचा प्रतिसाद वाचून गणित केलं. ३२ केबीपीएसवर बोलण्याचा आवाज स्वच्छ येतो आणि तासाला १४ एमबीच्या आसपास जागा घेतो. नीट दिसेल असा साधा व्हिडिओ तासाला अडीचशे-तीनशे एमबी खातो. ३० तासांच्या कोर्समध्ये १५ तास ऑडिओ धरला तरी सव्वादोनशे एमबीच्या आत. म्हणजे अख्खा कोर्स एका दिवसाच्या डेटापॅकात मावतो.

मूडल लावायला मी अजून तयार आहे, पण पहिली गरज ती नाही, हे मानतो.


मिथाइल_ऑरेंज
१० जून, रात्री १०:४०

थांबा, सगळेच आवाजाकडे निघालात. मी केमिस्ट्रीवाली. टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण घालून मोजणं) आवाजाने कसं शिकवू? "आता रंग बदलला" असं म्हणू?

आमच्या लॅबमध्ये चाळीस पोरांना आठ ब्युरेट (थेंब सोडायच्या नळ्या). शेवटच्या रांगेतल्या पोरीला एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलतो तो थेंब, कधी दिसतच नाही. म्हणून मी फोन ब्युरेटच्याच स्टँडला क्लॅम्प लावून आडवा बसवला, मागे पांढरी टाइल ठेवली आणि शेवटचे दहा थेंब शूट केले. फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी टिकतो तो थेंब आणि पुढचा गडद करणारा थेंब, दोन्ही. नव्वद सेकंद. आवाज नाही, बोलणं नाही, फक्त खाली रीडिंग. पोरं प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तेच पाहून येतात. खर्च शून्य, स्टुडिओ शून्य.

व्हिडिओ छोटाच हवा याला आधारही आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. आणि आमचे प्राध्यापक ४८ मिनिटांची अख्खी तासिका रेकॉर्ड करून ठेवतात, त्यात पहिली सात मिनिटं हजेरी!

थोडक्यात, जे डोळ्याने कळतं त्याचाच व्हिडिओ करा. बाकी अक्राणी भाऊंशी सहमत.


भरीतपार्टी
१० जून, रात्री १०:४३

अवांतर: मॅडम, भरीताचाही एंड पॉइंट असतो. वांग्याचं साल काट्याने टोचलं की वाफ आली पाहिजे. याचा नव्वद सेकंदांचा व्हिडिओ मी देतो.


यावलकर_नाना
१० जून, रात्री १०:५०

वाफ नाही, आधी साल काळं होऊन फुगतं आणि तडकतं. आणि वांगं बामणोदचंच पाहिजे, नाहीतर कितीही सेकंद काढा.


भरीतपार्टी
१० जून, रात्री १०:५१

आता धागा पेटला. तुरीच्या की कपाशीच्या काड्यांवर, बोला!


(यापुढचे चौदा प्रतिसाद भरीताच्या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक)


समंत्रक_ताई
११ जून, दुपारी १२:१५

भरीत हलवलं हे बरं केलं.

मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी समंत्रक (मार्गदर्शक) म्हणून जाते. हे विद्यापीठ १९८९ पासून आहे. नेट घरोघरी यायच्या कितीतरी आधी दूरशिक्षण झालेलं आहे, आणि आपण ते शून्यापासून शोधतोय असं वाटतंय.

तिथली पुस्तकं पाहा. प्रकरण सुरू होतं, दोन पानांनी मध्येच प्रश्न येतो, उत्तर लिहायला मोकळी जागा असते, शेवटी उत्तरं. पुस्तकच मास्तर. याला स्वयंअध्ययन साहित्य म्हणतात आणि ते लिहिणं वर्गातल्या नोट्स टाइप करण्याइतकं सोपं नसतं. ऑनलाइन कोर्सचा कणा हाच. कॅमेरा नंतर.

दुसरं, संपर्क सत्र. माझ्या केंद्रावर पोलीस आहेत, अंगणवाडीताई आहेत, एक टपरीवाला आहे. पुस्तक घरीही वाचता येतं त्यांना. येतात ते कशासाठी, तर "मॅडम, माझं बरोबर चाललंय का?" एवढं विचारायला. हे विचारायला माणूस नसला की तिसऱ्या महिन्यात गळती. कोण गळालं हे मला असाइनमेंट न आल्यावर कळतं, मग मी फोन करते. नवऱ्याने उचलला तर 'केंद्रावरून बोलतेय' म्हणते. फोन केलेल्या बऱ्याच जणी परत येतात.


गिरणाथडी
११ जून, दुपारी १:३०

ताईंच्या गळतीच्या मुद्द्याला आकडा देतो. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्क्यांनीच कोर्स पूर्ण केला. प्रमाणपत्राचे पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं.

माझं मत: फुकट ठेवू नका. शंभर रुपये का होईना, घ्या. फुकटचं पोरं डाउनलोड करतात आणि विसरतात.


तासिकावाला
११ जून, दुपारी १:४४

पैसे भरले म्हणून पूर्ण केलं, की पूर्ण करायचंच होतं म्हणून पैसे भरले? ऊसतोडीवाल्याला शंभर रुपये म्हणजे काय ते अक्राणींना विचारा.


गिरणाथडी
११ जून, दुपारी १:५०

बरोबर आहे. मग परत देण्याच्या बोलीवर घ्या. तिसरी असाइनमेंट दिली की शंभर परत.


नियमबुवा
११ जून, दुपारी २:०३

परत द्यायचे पैसे 'अनामत' म्हणून वेगळ्या पावतीवर घ्या, फीमध्ये घेऊ नका. ऑडिटर जीव खाईल.


शहाद्याची_लेक
११ जून, रात्री ११:२२

मी विद्यार्थिनी आहे, टी.वाय.ला. इथे सगळे सर-मॅडम लिहितायत म्हणून थोडं भीत लिहिते.

आमच्या घरी फोन दादाचा. रात्री साडेदहानंतर मला मिळतो, तोही चार्जिंगला लावलेला. कॉलेजने मागे एक ग्रुप केला होता, दीडशे जणांचा. मी त्यात एक शंका विचारली. रात्रीतून तीन अनोळखी मुलांचे मेसेज, 'हाय, नोट्स हव्यात का'. दादाने वाचले. त्यानंतर मी ग्रुपमधून बाहेर आणि महिनाभर फोनही बंद. शंका होती घसाऱ्याची (यंत्राची किंमत दरवर्षी कमी धरायचा हिशेब). अजून तशीच आहे.

कोर्स केलात तर प्रश्न विचारायची जागा अशी ठेवा की नंबर सगळ्यांना दिसणार नाही. आणि 'लाइव्ह' ठेवू नका. सात वाजता मी भाकरी करत असते.


पांझराकाठ
११ जून, रात्री ११:४०

बेटा, घसाऱ्याचं काय अडलंय? इथेच विचार. कॉमर्सवालाच आहे मी.


शहाद्याची_लेक
११ जून, रात्री ११:४९

सर, घटत्या शेष पद्धतीत यंत्राची किंमत शून्य का होत नाही कधी?


पांझराकाठ
१२ जून, रात्री १२:०८

कारण दरवर्षी आपण उरलेल्याचेच टक्के काढतो. एक लाखाचं यंत्र, १० टक्के. पहिल्या वर्षी १०,००० गेले, उरले ९०,०००. दुसऱ्या वर्षी ९०,००० चे १० टक्के म्हणजे ९,०००, उरले ८१,०००. भाकरीचा नेहमी दहावाच हिस्सा मोडून घेतला तर तुकडा लहान होत जाईल, पण टोपलीत काहीतरी राहीलच. सरळ पद्धतीत मात्र मूळ भाकरीचा ठरलेला तुकडा दर वेळी जातो, म्हणून ती संपते.


शहाद्याची_लेक
१२ जून, रात्री १२:११

कळलं सर!! दोन वर्षं झाली होती.


समंत्रक_ताई
१२ जून, सकाळी ७:३०

पांझराकाठ सर, तुमचा पहिला ऑनलाइन तास झाला. पोडियमशिवाय.


यावलकर_नाना
१२ जून, सकाळी ८:०२

जळगावच्या आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या ओव्या तोंडातून कानाकडे गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. इकडे अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे. कान आणि हाताने लिहिलेला कागद. अक्राणी तेच म्हणतोय. आपल्याकडे हे जुनं आहे.


अक्राणी
१२ जून, सकाळी ८:४०

नाना, आणखी एक जुनं सांगतो. आठवडी बाजारात मोबाइलवाल्याच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देतात. अहिराणी, पावरी, लग्नाची, सगळी. नेट नसलेल्या पाड्यातही नवं गाणं आठ दिवसांत पोहोचतं. त्याच कार्डात लेक्चर भरा.


भरीतपार्टी
१२ जून, सकाळी ८:४४

हाऊ इषय जबरी शे भो! अक्राणीले प्राचार्य करा.


पांझराकाठ
१४ डिसेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढतोय. सहा महिने झाले, काय झालं ते सांगायलाच हवं.

अध्यक्षांना मी एकटा भेटलो नाही. कॉलेजच्या मॅडमना आणि ऑफिसच्या बडेबाबूंना सोबत नेलं. बुवांचा ऑनलाइन पदवीचा मुद्दा सांगितला तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "ठीक आहे, पण फीत कापायला काय आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. ते पुढे सांगतो.

कोर्स काढला ३० तासांचा, 'किर्द ते जीएसटी'. किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. छोट्या दुकानाचा हिशेब लिहिता यावा इतकाच. पुस्तिका ४८ पानांची, ताईंनी सांगितली तशी: मध्येच प्रश्न, लिहायला जागा. ती लिहायला मला अडीच महिने लागले. वर्गात बारा वर्षं शिकवलंय, पण 'हे पोराला एकट्याला वाचून कळेल का' असा विचार कधी केला नव्हता. उदाहरणं इथलीच घेतली. कच्ची केळी विकली तर जीएसटी नाही, तीच तळून वेफर्सची पाकिटं केली की कर लागतो. हे एक उदाहरण दिलं आणि करपात्र-करमुक्तचं पान संपलं.

आवाजाच्या फाइली ५४. प्रत्येक आठ ते बारा मिनिटांची, प्रत्येकीची सुरुवात 'पान अमुक उघडा' अशी. रेकॉर्डिंग भांडारघरात केलं. पंखा लावला तर घरघर, बंद केला तर ऑक्टोबरचा उकाडा. भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, तिसरी अंगावर घेतली. शिपाईमामांनी दार उघडून पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. माझा ताप उतरला का, असं दोन दिवस विचारत होते.

मिथाइल ऑरेंज मॅडम, व्हिडिओ फक्त चार केले. चलन भरणं, बिलबुक कसं असतं, असले. फोनवरच.

तासिकावाले, आमच्या सीएचबीवाल्या मॅडमनी १८ फाइली केल्या. रेकॉर्डिंगच्या तासाला तासिका धरली. त्यासाठी कॅमेऱ्याचे पैसे वळवले. प्रत्येक फाइलच्या पहिल्या वाक्यात त्यांचं नाव आहे. एक पानाचं पत्रही केलं: फाइल बनवणाऱ्याची, कॉलेजला दोन वर्षं वापरायची मुभा, त्यापुढे विचारून.

बाजारातला मोबाइलवाला आमचाच माजी विद्यार्थी निघाला. कार्ड भरायचे पैसे घेत नाही.

आता फजिती. पहिली चाळीस कार्डं वाटली. आठ दिवसांनी एका पोराचा फोन फडावरून: "सर, पहिला धडा किर्दीचा, दुसरा एकदम जीएसटीचा कसा?" माझ्या लक्षात येईना. मग स्वतःच्या फोनमध्ये कार्ड घालून पाहिलं. फाइलींना नावं दिली होती १, २, ३... अशी. फोन त्या लावतो १, १०, ११, १२ आणि मग कधीतरी २. एका पोरीने त्याच क्रमाने एकवीस फाइली ऐकल्या होत्या आणि वहीत समासात लिहिलं होतं, 'सर खूप पुढे जातात'. सगळी कार्डं परत मागवली, ०१, ०२ अशी नावं दिली.

नोंदणी ४१. अनामत शंभर रुपये, वेगळ्या पावतीवर. आज २६ जण टिकून आहेत. गेलेल्या पंधरांपैकी सहा जणांना अजून फोन लागलेला नाही. प्रश्नांसाठी ग्रुप नाही. एक नंबर, तो मॅडमकडे, आलेल्या प्रश्नाचं उत्तर नाव न घेता दर रविवारी सगळ्यांना आवाजात जातं. शहाद्याच्या लेकीमुळे हे सुचलं.

आणि फीत. मेमरी कार्डं आणि पुस्तिका ठेवायला स्टीलचं कपाट घेतलं. अध्यक्षांनी कपाटाची फीत कापली. फोटो पेपरात आलाय, खाली 'डिजिटल ग्रंथालय' असं छापलंय.


भरीतपार्टी
१४ डिसेंबर, रात्री ९:२६

कपाटाला कुलूप आहे का, आणि किल्ली कोणाकडे?


पांझराकाठ
१४ डिसेंबर, रात्री ९:३०

बडेबाबूंकडे. ते रविवारी नसतात. हा प्रश्न सुटलेला नाही.


पुण्यातला_भुसावळकर
१४ डिसेंबर, रात्री ९:४१

वेफर्स मिळाले, धन्यवाद. फाइलींच्या नावांचं मला आधी सांगायला हवं होतं, ही चूक आम्ही पगार घेऊन करतो.


समंत्रक_ताई
१४ डिसेंबर, रात्री १०:०५

त्या सहा जणांना संध्याकाळी सातनंतर लावून पाहा. फडावर तेव्हा चार्जिंग झालेलं असतं. आणि त्या पोरीला सांगा, तिचा समास बरोबर होता.


तासिकावाला
१४ डिसेंबर, रात्री १०:५०

सर, ते एक पानाचं पत्र मिळेल का? नावं काढून. आमच्या इथे फेब्रुवारीत असाच विषय निघणार आहे, आणि यंदा मी ऑर्डरवर आहे.


नियमबुवा
१४ डिसेंबर, रात्री १०:५३

मलाही पाठवा. 'दोन वर्षं' कुठल्या तारखेपासून ते लिहिलंय का, तपासतो.


पांझराकाठ
१४ डिसेंबर, रात्री ११:०२

दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बुवा, तारीख राहिलीय. उद्या हाताने घालून मॅडमची सही परत घेतो.